लांब पल्ल्याच्या पदभ्रमंतीची शारीरिक पूर्वतयारी

लांब पल्ल्याच्या पदभ्रमंतीची शारीरिक पूर्वतयारी म्हणजे पाठीवर मुक्कामाचे व जेवणाचे साहित्य घेऊन अनेक दिवस, आठवडे किंवा महिने चालत राहण्यासाठी शरीराला टप्प्याटप्प्याने तयार करण्याची प्रक्रिया होय. चालण्याचा व ओझे वाहण्याचा सराव, स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम, पावलांची निगा आणि साहित्याची योग्य निवड यांचा तिच्यात समावेश होतो. वाटचालीत उद्भवणारी अंगदुखी कमी करणे आणि साधी स्नायुदुखी व इजा यांतील फरक ओळखणे हा याच विषयाचा दुसरा भाग आहे.

अशा वाटचालीतील बहुतांश दुखणी एखाद्या अपघाताने नव्हे, तर शरीराच्या तयारीपेक्षा त्यावरील भार लवकर वाढल्याने उद्भवतात. दम आणि स्नायूंचे बळ काही आठवड्यांत वाढते. कंडरा, अस्थिबंध व हाडे यांना मात्र त्यासाठी काही महिने लागतात. त्यामुळे आपण तयार झालो असे चालणाऱ्याला वाटू लागते, तेव्हा त्याच्या शरीराचे सर्व भाग तयार झालेले असतातच असे नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल हा लांब पल्ल्याच्या पदभ्रमंतीच्या आधुनिक मार्गांपैकी सर्वांत परिचित मार्ग आहे. त्याची कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये मांडली व १९३७ मध्ये तो पूर्ण झाला. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन पर्वतापर्यंत त्याची लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर असून संपूर्ण मार्ग चालण्यास साधारणपणे पाच ते सात महिने लागतात. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारा पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सुमारे ४,२६५ किलोमीटर लांब आहे. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे जाणारा यात्रामार्ग आणि न्यूझीलंडमधील सुमारे ३,००० किलोमीटरचा ते आरारोआ हे मार्गही प्रसिद्ध आहेत.

ॲपलाचियन ट्रेल एका वर्षात पूर्ण करण्याच्या निश्चयाने निघालेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश लोकच शेवटपर्यंत पोहोचतात. माघारीमागे पैसा, घरची अडचण, हवामान, मनाची उभारी संपणे अशी अनेक कारणे असतात. अतिश्रमाने होणाऱ्या इजा हे त्यांपैकी एक प्रमुख कारण आहे.

या मार्गाच्या इतिहासात एमा गेटवुड यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी हा संपूर्ण मार्ग एकटीने चालून पूर्ण केला. त्यांच्या पायांत साधे कापडी बूट होते आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी होती. आदल्या वर्षीचा त्यांचा प्रयत्न अर्धवट राहिला होता. अकरा मुलांना वाढवलेल्या गेटवुड यांचे आयुष्य शेतातील कष्टात गेले होते. या उदाहरणावरून पूर्वतयारी अनावश्यक आहे असा निष्कर्ष काढला जातो, परंतु तो योग्य नाही. वर्षानुवर्षांच्या श्रमांनी घडलेले शरीर आणि अत्यंत हलके ओझे या दोन्ही गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या. दिवसाचे आठ तास खुर्चीत बसून काम करणाऱ्या व्यक्तीला हीच स्थिती सरावाने मिळवावी लागते.

शरीरावर पडणारा भार

एका पावलाची लांबी सुमारे ७० सेंटिमीटर धरल्यास २० किलोमीटर अंतरासाठी अंदाजे २८,५०० पावले टाकावी लागतात. प्रत्येक पावलाला पडणारा भार एरवी क्षुल्लक असतो. पण हीच क्रिया दररोज हजारो वेळा आणि वाढीव ओझ्यासह होते, तेव्हा सूक्ष्म झीज साठत जाते. रात्रीच्या विश्रांतीत ती भरून निघाली, तर शरीर अधिक बळकट होते. न निघाल्यास दुखणे सुरू होते.

चढ आणि उतार यांचा शरीरावरील परिणाम वेगवेगळा असतो. चढताना हृदय व फुप्फुसांवर ताण येतो, धाप लागते आणि पोटऱ्या व मांड्या भरून येतात. उतरताना धाप लागत नाही. मात्र मांडीचे पुढचे स्नायू आखडण्याऐवजी ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. या क्रियेला विकेंद्री आकुंचन म्हणतात. स्नायुतंतूंची सूक्ष्म हानी या प्रकारच्या आकुंचनात सर्वाधिक होते. म्हणूनच गड चढताना ‘दम निघाला’ तरी दुसऱ्या दिवशी जिने उतरताना जाणवणारी मांड्यांची ठणक बहुधा आदल्या दिवशीच्या उतरणीमुळे असते. गुडघ्याच्या वाटीवर पडणारा दाबही उतारावर वाढतो.

अंतराइतकेच चढाला महत्त्व आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला अंदाजाचा नियम आजही वापरला जातो. त्यानुसार सपाटीवरील दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास धरला जातो. १५ किलोमीटर अंतर व ९०० मीटर चढाई असलेल्या दिवसाला या हिशेबाने साडेचार तास लागतात. यात विश्रांतीचा वेळ धरलेला नसतो. जड ओझे व खराब वाट असल्यास वेळ आणखी वाढतो.

शरीराचे अनुकूलन

भार सोसल्यानंतर शरीराचे निरनिराळे भाग वेगवेगळ्या गतीने बदलतात.

रक्ताभिसरण व श्वसन: नियमित सराव सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांतच त्याच चढाला कमी धाप लागते.

स्नायू: पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते ते मुख्यतः मज्जासंस्था व स्नायू यांचा मेळ सुधारल्याने. स्नायूंचा आकार त्यानंतर वाढू लागतो.

कंडरा व अस्थिबंध: स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि हाडांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यांच्या बळकटीला काही महिने लागतात.

हाडे: वाढत्या भाराला प्रतिसाद देताना हाडात आधी जुना भाग शोषला जातो व नंतर नवा भरला जातो. या मधल्या काळात हाड तात्पुरते दुबळे असते. याच काळात भार वाढत राहिल्यास श्रमजन्य अस्थिभंग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, होऊ शकतो. लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पावलांतील अशा दुखण्याचे वर्णन ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने १८५५ मध्ये केले होते. त्यावरूनच त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव रूढ झाले.

पूर्वतयारी

चालण्याचा सराव

चालण्याची तयारी प्रामुख्याने चालण्यानेच होते. पोहणे व सायकल चालवणे यांनी दम वाढतो. परंतु पावलांना, नडगीला व टाचेला जमिनीचा आघात सोसण्याची सवय त्यांनी लागत नाही. अंतर, चढाई आणि ओझे या तीन गोष्टींपैकी एका वेळी एकच वाढवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. सलग तीन आठवडे भार वाढवल्यानंतर चौथा आठवडा हलका ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. डोंगर जवळ नसल्यास इमारतीचे जिने चढणे व उतरणे हा उपयुक्त पर्याय ठरतो. त्यात उतरण्याचा सराव टाळण्यासाठी उद्वाहनाचा वापर केल्यास तयारीचा महत्त्वाचा भाग राहून जातो.

निरोगी, परंतु नियमित व्यायामाची सवय नसलेल्या व्यक्तीसाठी सोळा आठवड्यांच्या तयारीचा नमुना पुढीलप्रमाणे असू शकतो.

आठवडे १ ते ४: आठवड्यातून चार दिवस ओझ्याविना ४५ ते ६० मिनिटे चालणे, दोन दिवस बळ वाढवणारे व्यायाम.

आठवडे ५ ते ८: आठवड्याअखेरीस १० ते १५ किलोमीटरची एक वाटचाल, पाठीवर ४ ते ६ किलो ओझे; इतर दिवशी पूर्वीप्रमाणे.

आठवडे ९ ते १२: आठवड्याअखेरीस १५ ते २० किलोमीटर, चढ-उताराची वाट, ८ ते १० किलो ओझे, या काळात एकदा तरी सलग दोन दिवसांची वाटचाल.

आठवडे १३ ते १५: प्रत्यक्ष प्रवासातील ओझे व पादत्राणे वापरून सलग दोन किंवा तीन दिवसांची सहल.

आठवडा १६: भार निम्म्यावर आणून विश्रांती.

सलग दिवसांच्या सहलीला या आराखड्यात विशेष महत्त्व आहे. ताज्या पायांनी २० किलोमीटर चालणे आणि आदल्या दिवशी थकलेल्या पायांनी तेवढेच चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लांब प्रवासात दुसऱ्या प्रकारचेच दिवस अधिक असतात.

बळ व तोल वाढवणारे व्यायाम

बैठका, एक पाय पुढे टाकून खाली वाकण्याचा व्यायाम आणि पायरीवरून सावकाश उतरण्याचा व्यायाम यांनी मांड्या व नितंबांचे स्नायू बळकट होतात. पायरीवरून एक पाय तीन-चार सेकंद घेत खाली आणणे हा उतरणीसाठीचा सर्वांत सोपा सराव मानला जातो. पोटऱ्या व टाचेच्या कंडरेसाठी पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा सावकाश खाली नेण्याचा व्यायाम केला जातो. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर हा व्यायाम बारा आठवडे देऊन चांगले परिणाम नोंदवले होते.

कंबर व पोटाच्या स्नायूंसाठी कोपरांवर शरीर तोलून धरणे, पाठीसाठी भुजंगासन व शलभासन, तर खांद्यांसाठी जोर उपयुक्त ठरतात. घोटा मुरगळण्याचा धोका कमी करण्यासाठी एका पायावर उभे राहण्याचा सराव केला जातो. तो जमल्यावर डोळे मिटून किंवा मऊ जागेवर करता येतो.

उष्णता व उंची यांची सवय

उष्ण हवेत श्रम करण्याची सवय शरीराला साधारण एक ते दोन आठवड्यांत लागते. या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातील क्षारांचे प्रमाण घटते. उंचीची सवय मात्र सपाटीवरील व्यायामाने लागत नाही. उत्तम तयारी असलेल्या व्यक्तीलाही २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक न वाढवण्याचा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबण्याचा सल्ला दिला जातो.

वैद्यकीय तपासणी

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा पूर्वीची सांध्याची इजा असलेल्या व्यक्तींनी सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक मानले जाते. मधुमेही व्यक्तींच्या पावलांची संवेदना कमी झालेली असल्यास फोड लक्षात न येता जखम चिघळण्याचा धोका असतो.

पाठपिशवी व पादत्राणे

अनेक दिवसांच्या वाटचालीत एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवावे, असा ढोबळ संकेत आहे. ६५ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा १३ किलो येते. पाणी व शिधा यांचे वजनही त्यात धरले जाते. पाठपिशवीचा कमरपट्टा नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडेवर घट्ट बसला असता बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर व पायांवर जातो. जड वस्तू पाठीला लागून, पिशवीच्या मधल्या भागात ठेवल्यास चालणाऱ्याला पुढे कमी वाकावे लागते.

पायांवरचे वजन पाठीवरच्या वजनापेक्षा अधिक थकवते, कारण प्रत्येक पावलागणिक ते उचलून पुढे न्यावे लागते. बुटांत वाढलेला एक किलो पाठीवरील सुमारे पाच किलोंइतका थकवा आणतो, असे मानले जाते. दिवसभर चालल्यावर पाऊल सुजते. त्यामुळे बूट संध्याकाळी व प्रवासात वापरायचे मोजे घालूनच मापून घेतले जातात आणि उतारावर बोटे पुढे आदळू नयेत इतकी जागा ठेवली जाते. नवे बूट घालून थेट प्रवासाला निघणे हे फोडांचे नेहमीचे कारण आहे. दोन्ही हातांत काठ्या घेतल्यास उतारावर गुडघ्यांवरचा काही भार हातांवर जातो व तोल राखणे सोपे होते.

अंगदुखीचे प्रकार

विलंबित स्नायुदुखी

सवय नसलेल्या श्रमांनंतर साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होणाऱ्या, २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवणाऱ्या व आठवड्याभरात शमणाऱ्या दुखण्याला विलंबित स्नायुदुखी म्हणतात. बोलीभाषेत यालाच ‘अंग आंबणे’ असे म्हटले जाते. तिचे वर्णन थिओडोर हफ यांनी १९०२ मध्ये केले. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठल्याने ती होते, हा समज व्यापक असला तरी बरोबर नाही. हे आम्ल श्रम थांबल्यावर तासा-दीड तासातच निघून जाते. दुखण्याचा संबंध स्नायुतंतूंची सूक्ष्म हानी आणि त्यानंतरचा दाह यांच्याशी आहे. असे श्रम एकदा केल्यानंतर काही आठवड्यांच्या आत पुन्हा केले, तर दुखणे बरेच कमी होते. पूर्वतयारीत उतरणीचा सराव घेण्यामागे हेच तत्त्व आहे.

पायांत गोळे येणे

थकलेल्या पोटरीत किंवा मांडीत अचानक येणारा गोळा त्या स्नायूला सावकाश ताण दिल्याने बहुधा सुटतो. पोटरीसाठी पाय सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढला जातो. स्नायूंचा थकवा हे त्यामागील मुख्य कारण मानले जाते; घामावाटे पाणी व क्षार कमी होणे हेही कारण असू शकते.

गुडघेदुखी

उतारावर वाटीच्या मागे किंवा सभोवती होणारे दुखणे आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस मांडीच्या कडेच्या पट्ट्यात होणारे दुखणे हे दोन प्रकार सामान्य आहेत. लहान पावले टाकणे, वेग कमी करणे, काठ्या वापरणे व ओझे घटवणे यांनी आराम मिळतो. दीर्घकालीन उपाय मांडी व नितंबांचे स्नायू बळकट करणे हाच आहे.

नडगी, टाच व तळवा

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेले दुखणे बहुधा हाडाच्या आवरणावर आलेल्या ताणाचे असते. दुखणे बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी असेल व विश्रांतीतही टिकत असेल, तर श्रमजन्य अस्थिभंगाची शंका घेतली जाते. सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेखाली होणारी तीव्र वेदना तळव्याच्या जाड पट्ट्याच्या दुखण्याचे लक्षण असते.

खांदे व कंबर

खांद्याच्या पट्ट्यांचा दाब मानेकडून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर पडल्यास हाताला मुंग्या येतात किंवा अशक्तपणा जाणवतो. कमरपट्टा फार आवळल्यास मांडीच्या बाहेरच्या बाजूस बधिरपणा येऊ शकतो. दोन्ही त्रास पट्ट्यांची जुळणी बदलल्याने व ओझे कमी केल्याने बहुधा कमी होतात. मुंग्या अंगावर काढून चालत राहिल्यास अशक्तपणा काही आठवडे टिकू शकतो.

फोड व चिखल्या

ओलसर त्वचेवर वारंवार घर्षण झाल्याने फोड येतात. फोडाआधी त्या जागी उष्णता व चुरचुर जाणवते. त्याच वेळी थांबून पाय कोरडा करणे व चिकटपट्टी लावणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. साधी कागदी चिकटपट्टी आधीच लावून ठेवल्यास फोडांचे प्रमाण घटते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिदीर्घ शर्यतींतील धावपटूंवरील चाचणीत दिसून आले. लहान व न दुखणारा फोड न फोडता झाकून ठेवला जातो. पावसाळ्यात पाय दिवसभर ओले राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मुक्कामावर पाय धुऊन पूर्ण कोरडे करणे आणि झोपताना वापरण्यासाठी मोज्यांचा एक जोड कोरडा राखणे हा त्यावरचा मुख्य उपाय आहे.

वेदना कमी करण्याचे उपाय

वेग व विश्रांती: पहिला आठवडा प्रत्यक्षात तयारीचाच भाग मानून रोजचे अंतर कमी ठेवणे हा अंगदुखी टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. महिनोन्‌महिने चालणारे अनेक जण दर सहा-सात दिवसांनी एक पूर्ण विश्रांतीचा दिवस घेतात.

हलकी हालचाल: आंबलेल्या अंगाला पूर्ण विश्रांतीपेक्षा ओझ्याविना थोडे चालणे अधिक आराम देते.

ताण देणे: व्यायामाआधी किंवा नंतर स्नायूंना ताण दिल्याने विलंबित स्नायुदुखीत जाणवण्याइतकी घट होत नाही, असा निष्कर्ष २०११ मधील कॉक्रेन समीक्षेत काढण्यात आला. तरीही आखडलेपणा कमी झाल्यासारखे वाटत असल्याने अनेक जण सौम्य ताण देतात. त्यात हानी नाही.

मालिश: तेल लावून हलक्या हाताने केलेल्या मालिशने दुखणे काही प्रमाणात कमी होते. ताज्या सुजेवर किंवा मुरगळलेल्या सांध्यावर जोराने चोळणे मात्र टाळले जाते.

थंड व गरम शेक: थंड पाण्यात पाय बुडवल्याने स्नायुदुखी काहीशी कमी होते, ओढ्याकाठच्या मुक्कामी हा उपाय सहज करता येतो. ताज्या इजेसाठी विश्रांती, बर्फ, दाब व पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. बर्फाने वेदना कमी होते, पण बरे होण्यास विलंबही लागू शकतो, असे मत त्यांनीच पुढे २०१४ मध्ये नोंदवले. त्यामुळे बर्फ थोडा वेळ व केवळ वेदनेपुरता वापरण्याकडे आता कल आहे. जुन्या आखडलेल्या स्नायूंना गरम शेक सुखावतो.

आहार व झोप: झीज भरून निघण्यासाठी पुरेशी ऊर्जा, प्रथिने व झोप आवश्यक असते. डाळी, शेंगदाणे, फुटाणे, अंडी, दूध पावडर ही वाटेवर सहज नेता येणारी प्रथिनांची साधने आहेत. दीर्घकाळ गरजेपेक्षा कमी खाल्ल्यास हाडे दुबळी होऊन श्रमजन्य अस्थिभंगाचा धोका वाढतो.

पाणी व क्षार: पाणी कमी पडणे जसे घातक, तसेच तहानेपेक्षा फार जास्त साधे पाणी पिणेही घातक असते. त्याने रक्तातील सोडियम घटून डोकेदुखी, ओकारी, भ्रम व झटके येऊ शकतात. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये चालणाऱ्यांत असे रुग्ण आढळले आहेत. तहानेनुसार पिणे व त्यासोबत खारट पदार्थ खाणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो. घाम फार गेल्यास जलसंजीवनी उपयोगी पडते.

औषधे: पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत सामान्यतः सुरक्षित असते, यकृताचा विकार असल्यास व मद्यपानासोबत ते टाळले जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दाहशामक वेदनाशामकांनी पोटात व्रण होऊ शकतात आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. वेदना दडपून चालता यावे म्हणून रोज अशी गोळी घेण्याची सवय दुहेरी हानी करते. औषधाचे दुष्परिणाम होतातच, शिवाय शरीराने दिलेली थांबण्याची सूचनाही ऐकू येत नाही.

धोक्याची लक्षणे

साधी स्नायुदुखी दोन्ही पायांत, स्नायूच्या मोठ्या भागात आणि बोथट असते. हालचाल सुरू झाल्यावर ती कमी होते व दिवसागणिक ओसरते. याउलट इजेचे दुखणे बहुधा एका बाजूस, एका ठिकाणी व तीव्र असते आणि चालण्याने वाढते. दुखण्यामुळे चाल बदलली, म्हणजे लंगडणे सुरू झाले, तर वाटचाल थांबवणे योग्य समजले जाते. कारण बदललेल्या चालीमुळे दुसऱ्या पायावर व कमरेवर नवा ताण येतो.

पुढील लक्षणे आढळल्यास चालणे थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.

लघवीचा रंग चहासारखा गडद तपकिरी होणे व त्यासोबत स्नायूंत तीव्र वेदना किंवा अशक्तपणा असणे. मोठ्या प्रमाणावर स्नायू विघटित होऊन मूत्रपिंड निकामी होण्याची ही सूचना असू शकते.

एकाच पोटरीत सूज, उष्णता व दुखणे. विशेषतः लांबच्या बस किंवा विमान प्रवासानंतर अशा वेळी शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. हे दुखणे चोळू नये.

हाडावर एका बिंदूत वेदना किंवा पायावर भार घेता न येणे.

छातीत दाब, चक्कर किंवा विश्रांतीतही न थांबणारी धाप.

उन्हात श्रम करताना अंग अतिशय तापणे व बरळणे किंवा वागण्यात विचित्रपणा येणे. हे उष्माघाताचे लक्षण असून शरीर तत्काळ थंड करणे गरजेचे असते.

तापासह अंगदुखी. श्रमाने अंग दुखते, पण सहसा ताप येत नाही. पावसाळ्यात व त्यानंतर ताप आणि अंगदुखी एकत्र आल्यास डेंग्यू, हिवताप किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्याने होणारा लेप्टोस्पायरोसिस यांचा विचार केला जातो. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात लांब पल्ला पायी चालण्याची परंपरा आधुनिक पदभ्रमंतीहून फार जुनी आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे २५० किलोमीटरचे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांत कापते. अंतर अनेक मुक्कामांत विभागलेले असल्याने व दिंडीचे सामान बहुधा वाहनातून जात असल्याने वारकऱ्यांच्या पाठीवर ओझे कमी असते. तळवे, टाचा व गुडघे यांवर मात्र ताण येतो. पालखी मार्गावर गावोगावी वारकऱ्यांचे पाय चेपून व तेल लावून देण्याची सेवा केली जाते. नर्मदा परिक्रमेत मराठी भाषकांचा मोठा सहभाग असतो. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीच्या दोन्ही तीरांनी पायी जाताना अडीच हजार किलोमीटरहून अधिक चालावे लागते. तेथे वस्त्रे व अंथरूण-पांघरूण यात्रेकरूच्या पाठीवर असल्याने ओझ्याचा प्रश्नही येतो.

सह्याद्रीतील वाटा लांबीने कमी पण तीव्र चढ-उताराच्या असतात. कळसूबाई (१,६४६ मीटर) किंवा घाटवाटांवरील उतरण गुडघ्यांची परीक्षा पाहते. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवर घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. हिमालयात जाण्यापूर्वी पुणे परिसरातील अनेक गिर्यारोहक सिंहगडावर पाठपिशवीत वजन घेऊन नियमित सराव करतात.

प्रवासानंतर

लांब वाटचाल संपल्यावरही शरीराला पूर्ववत होण्यास वेळ लागतो. पाऊल काही काळ सुजलेले व रुंदावलेले राहते, सकाळी तळवे दुखतात आणि महिनोन्‌महिने वाढलेली भूक लगेच कमी होत नाही. चालणे एकदम थांबवण्याऐवजी काही आठवडे ओझ्याविना थोडे अंतर चालत राहिल्यास आखडलेपणा कमी होतो. दोन-तीन आठवड्यांनंतरही एखादे दुखणे त्याच जागी टिकून असल्यास अस्थिरोगतज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्याकडून तपासणी करून घेतली जाते.

हे सुद्धा पहा

गिर्यारोहण
पंढरपूरची वारी
नर्मदा परिक्रमा
सूर्यनमस्कार
प्रथमोपचार